आठ जीबीचं भांडण

कॉम्प्युटरच्या पोटात काय दडलंय, हे सांगणारी एक छोटीशी खिडकी मी बनवली. आणि तिच्याच जोरावर ऐन धनत्रयोदशीला एका भल्या माणसाशी भांडून आले!

"तुझ्या लॅपटॉपचं कॉन्फिगरेशन काय गं?" असं कोणी विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असायचं. "सिल्व्हर कलरचा आहे."

हसू नका. दिवसाचे दहा तास ज्या मशिनसमोर बसतो, त्यात रॅम किती, डिस्क कुठली, हे तुमच्यापैकी तरी किती जणांना न बघता सांगता येईल? आपल्याला शेजारच्या क्युबिकलमधल्या मुलाचं पॅकेज माहीत असतं, कॅन्टीनच्या वड्याचा भाव माहीत असतो. मशिन हँग झालं, की आयटीवाल्याला फोन. तो येतो, काहीतरी खाटखुट करतो आणि "रॅम कमी आहे मॅडम" असं गंभीर चेहऱ्याने सांगून निघून जातो. आपणही तितक्याच गंभीर चेहऱ्याने मान डोलावतो.

मी तर फ्रीलान्सर. मला आयटीवालाही नाही. आहे ती एक रूममेट. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची मशिन्स बघते आणि रात्री घरी येऊन माझं. पण ही गोष्ट माझ्या लॅपटॉपची नाही. साताऱ्याला आमच्या घरी बाहेरच्या खोलीत जो जुना असेम्बल्ड पीसी आहे, त्याची आहे. आणि बाबांची.

'कोणता स्टार्ट?'

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आता रिटायर्ड. सरकारी नोकरीत एमएस-सीआयटी करावं लागलं, तेव्हा मी चौथीत होते. शाळा सुटल्यावर ते क्लासला जायचे आणि रात्री जेवताना 'आज एक्सेल झालं' असं आईला सांगायचे. तो पीसी घरात आला २०१३ मध्ये, माझ्या दहावीनंतर. बाबांनी आणि गावातल्या एका कॉम्प्युटरवाल्या दादाने मिळून पार्ट निवडले. थर्ड जनरेशनचा आय-थ्री, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. पुढे विंडोज सेव्हनवरून विंडोज टेन फुकटात मिळालं, तेही घेतलं.

मी पुण्याला आले आणि आमचा रविवारचा फोन सुरू झाला. आईशी वीस मिनिटं. मग आई म्हणणार, "थांब, ह्यांना काहीतरी विचारायचंय."

"कॉम्प्युटर फार स्लो झालाय गं."

"बाबा, तुम्ही स्टार्टवर क्लिक करा."

"कोणता स्टार्ट?"

पुढची अर्धी-पाऊण तास काय होत असेल, ते ज्यांचे आईबाबा गावी आहेत त्यांना सांगायला नको. मी 'सेटिंग्ज' म्हणणार, ते 'कंट्रोल पॅनेल' उघडणार. मी 'सिस्टिम' म्हणणार, ते "इथे खूप सिस्टिम आहेत" म्हणणार. शेवटी माझा आवाज चढणार आणि ते म्हणणार, "राहू दे, तू कामात असशील."

एका रविवारी हा सगळा संवाद ऐकून रूममेट म्हणाली, "तू त्यांना एक खिडकी का बनवून देत नाहीस? डबल-क्लिक केलं की सगळी माहिती एका जागी. मराठीत. मोठ्या अक्षरात. ते तुला फोनवर वाचून दाखवतील."

मी मास कॉमची पोरगी. मला वाटलं ती माझी फिरकी घेतेय.

तीस ओळींचा चमत्कार

पण ती खरंच बोलत होती. कॉम्प्युटरची जन्मकुंडली दाखवणारी खिडकी बनवायला ना इंजिनीअर व्हावं लागतं, ना काही विकत घ्यावं लागतं. लागतं ते सगळं विंडोजमध्येच असतं. एक नोटपॅड आणि साधारण तीस ओळी!

तिने आधी थोडा इतिहास सांगितला. १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोअरर ५ बरोबर एचटीए नावाचा प्रकार आला. वेबपेजसारखं लिहायचं, आत व्हीबीस्क्रिप्टच्या चार ओळी टाकायच्या, डबल-क्लिक केलं की ब्राउझरमध्ये न उघडता स्वतंत्र प्रोग्रॅमसारखी खिडकी उघडते. ऑफिसाऑफिसांतल्या सपोर्टवाल्यांनी अशा असंख्य खिडक्या बनवल्या. पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने बंद करणार असं जाहीर केलं. त्यामुळे आता नवीन काही बनवायचं, तर पॉवरशेलमध्ये. विंडोज सेव्हनपासून ते प्रत्येक मशिनवर आयतंच येतं.

"आणि ही माहिती येते कुठून?" मी टिपिकल पत्रकारी प्रश्न विचारला.

विंडोजच्या आत डब्ल्यूएमआय नावाची एक यंत्रणा असते, विंडोज २००० पासून. मला ती तलाठी ऑफिससारखी वाटली. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं वेगळं दप्तर आहे. प्रोसेसरचं वेगळं, डिस्कचं वेगळं, रॅमच्या काड्यांचं वेगळं, बायोसचं वेगळं. तुम्ही दप्तराचं अचूक नाव घेऊन मागायचं, की उतारा मिळतो. सातबारा मागितला तर सातबारा, आठ-अ मागितला तर आठ-अ. पण सातबारा मागितल्यावर "ताई, तुम्हाला खरं म्हणजे आठ-अ हवाय" असं सांगायला तिथे कोणी बसलेलं नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही!

मग आम्ही बसलो. पहिल्या ओळीत विंडोज फॉर्म्स नावाची सामग्री मागवायची, म्हणजे खिडकी, बटणं, पाट्या वगैरे. मग एक कोरी खिडकी. तिच्यावर एकाखाली एक पाट्या. प्रत्येक पाटीवर डावीकडे मराठी नाव आणि उजवीकडे डब्ल्यूएमआयकडून आलेलं उत्तर. 'मेंदू' म्हणजे प्रोसेसर. 'मेमरी' म्हणजे रॅम. 'कोठार' म्हणजे डिस्क, त्याच्याखाली 'कोठारात उरलेली जागा'. शेवटी 'सिरीयल नंबर'. बाबांचा चष्मा लक्षात घेऊन अक्षरं सोळा पॉइंटची.

पहिल्यांदा चालवलं आणि काय! मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली कसलीतरी फ्रेंच अक्षरं. माझा चेहरा पडला. रूममेट शांतपणे म्हणाली, "सेव्ह करताना एन्कोडिंग बदल." विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल आपली फाइल जुन्या पद्धतीची इंग्रजी समजून वाचतं. नोटपॅडच्या 'सेव्ह अॅज'मध्ये खाली 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडलं, की त्याला कळतं, इथे दुसरी लिपी आहे. एवढंच. पुन्हा चालवलं आणि स्क्रीनवर चक्क लिहून आलं, 'मेंदू'.

दुसरा झटका, फाइलवर डबल-क्लिक केलं तर ती चालतच नाही, नोटपॅडमध्ये उघडते! हे मुद्दाम तसं ठेवलंय, कुठलीही आगंतुक स्क्रिप्ट चुकून चालू नये म्हणून. राइट-क्लिक करून 'रन विथ पॉवरशेल' म्हणावं लागतं. बाबांसाठी आम्ही डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करायचा ठरवला. त्याला नाव दिलं, 'तब्येत'.

खरं सांगू? स्वतःच्या हाताने केलेली ती राखाडी, साधी, नव्वदीतली वाटणारी खिडकी उघडताना जो आनंद झाला, तो बायलाइन छापून आल्यावर होतो तसाच होता.

तीन पॉइंट चार!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला. त्याच आठवड्यात दिवाळी. बाबांचा फोन आला, "स्क्रीनवर काहीतरी मेसेज येतोय, आता अपडेट मिळणार नाही म्हणे. नवीन घ्यावा लागेल का?" म्हटलं, थांबा, मी येतेच आहे. पेन ड्राइव्हमध्ये खिडकी घेतली आणि स्वारगेटहून एसटी पकडली.

घरी गेल्या गेल्या चहासुद्धा न घेता ती त्या पीसीवर चालवली. मागे आई-बाबा दोघंही उभे. मशिन इतकं मंद झालं होतं, की खिडकी उघडेपर्यंत आईची एक पोळी लाटून झाली असती. उघडली एकदाची.

मेंदू: आय-थ्री. बरोबर.

कोठार: ४६५ जीबी. अं? हे तर ५०० होतं ना?

मेमरी: ३.४ जीबी.

"बाबा, ह्यात रॅम किती आहे?"

"आठ. २०२१ मध्ये वाढवून घेतली ना. ऑनलाइन शाळेच्या मीटिंग अडकायच्या म्हणून." बाबा म्हणजे कागद जपणारा माणूस. त्यांनी कपाटातून बिल काढलं. ८ जीबी रॅम, आकडा, तारीख, सही.

मी बिलाकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. आठ कुठे आणि तीन पॉइंट चार कुठे! डोक्यात एकच हेडलाइन, निवृत्त शिक्षकाची फसवणूक. चार वर्षं बिचारे बाबा स्लो मशिनवर बसताहेत, मला फोन करताहेत, मी त्यांच्यावर वैतागतेय आणि हा दुकानदार पैसे खाऊन मजेत!

"जाऊ दे गं, असेल काहीतरी," बाबा म्हणाले.

"असेल काय? मशिन स्वतः सांगतंय!"

धनत्रयोदशीची संध्याकाळ. दुकानात ही गर्दी. नवीन लॅपटॉपला हार घालून घेणारी मंडळी, पेढे, अगरबत्ती. दुकानदार म्हणजे तोच दादा, २०१३ मध्ये बाबांबरोबर बसून पार्ट निवडणारा. "या गुरुजी! ताई कधी आल्या?"

ताईंनी काय केलं? ताईंनी मोबाइलमध्ये काढलेला खिडकीचा फोटो त्याच्या तोंडासमोर धरला आणि सर्वांसमोर विचारलं, "आठ जीबीचे पैसे घेतलेत ना? मग उरलेली रॅम कुठे आहे? आणि डिस्कमधले पस्तीस जीबी?"

दुकान एकदम शांत. तो फोटो बघत राहिला. "ताई, डिस्कचं तर सगळीकडे असंच दिसतं. आणि रॅमचं… कॅबिनेट उघडून बघा ना. दोन काड्या आहेत चार-चारच्या."

"काड्या मला कळत नाहीत. आकडे कळतात."

काय पण डायलॉग! मला तेव्हा तो भारी वाटला होता. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नजर काढून घेतली. मला वाटलं, भिडस्तपणा. तो म्हणाला, "ठीक आहे ताई. दिवाळीनंतर आणा कॅबिनेट, बघू." आम्ही बाहेर आलो. बाबांनी स्कूटर सुरू केली. घरापर्यंत एक शब्द नाही.

'तू कोणाला विचारलंस?'

रात्री मी विजयी सुरात रूममेटला फोन लावला. सगळी स्टोरी सांगितली. पलीकडून शाबासकी येईल म्हणून थांबले.

"तू मेमरीच्या पाटीवर कोणतं दप्तर उघडलंस?"

"टोटल फिजिकल मेमरी. नावातच आहे की. टोटल! फिजिकल!"

ती हसायला लागली. मग म्हणाली, "नावावर जाऊ नकोस. तो आकडा ऑपरेटिंग सिस्टिमला जेवढी मेमरी हाताशी आहे, तेवढाच असतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय, हा आकडा काही वेळा खरा नसतो, नेमकी हवी असेल तर प्रत्येक काडीची कपॅसिटी वाचा म्हणून. तू विंडोजला विचारलंस. रॅमला विचारलंच नाहीस. दोन पाट्या वाढव. एक, फिजिकल मेमरी या दप्तरातल्या काड्या. दुसरी, विंडोज किती बिटचं आहे."

घरात सगळे झोपले होते. मी दिवा न लावता बाहेरच्या खोलीत बसले आणि दोन पाट्या वाढवल्या. काड्यांची उत्तरं बाइट्समध्ये येतात, ती भलीमोठी संख्या १,०७,३७,४१,८२४ ने भागली की जीबी मिळतात. भागलं. खिडकी उघडली.

पहिली काडी: ४ जीबी.
दुसरी काडी: ४ जीबी.
विंडोज: ३२-बिट.

झालं! कळलं तुम्हाला? ३२-बिटचं विंडोज बत्तीस अंकी पत्ते वापरतं. शून्य आणि एक असे बत्तीस अंक मांडून जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे पत्ते होतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स वगैरे मंडळींसाठी राखून ठेवलेले. उरतात साधारण साडेतीनच्या आसपास. तुम्ही आठ लावा नाहीतर सोळा, घरगुती ३२-बिट विंडोज तिथपर्यंत पोचतच नाही. आमच्या पीसीवर २ जीबीच्या काळात ३२-बिट विंडोज टाकलं होतं. वर टेन आलं, तेही ३२-बिटच. रॅम चार वर्षं आत बसून होती. पूर्णच्या पूर्ण. निम्म्याहून जास्त नुसती बसून!

आणि डिस्कचे पस्तीस जीबी? तेही कोणी खाल्ले नव्हते. डिस्कवाला अब्जाचा जीबी मोजतो आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ चा. पाचशे अब्जाला त्या आकड्याने भागा, ४६५ येतात. तुमच्या ५१२ च्या लॅपटॉपमध्येही ४७६ च दिसत असतील. बघा आत्ता.

मास कॉमच्या पहिल्या वर्षाला सरांनी फळ्यावर लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, एकाच सोर्सवर बातमी करू नका. मी आजवर एकही बातमी तशी दिलेली नाही. पण मशिन खोटं बोलत नाही, असं मी धरून चालले होते. ते खोटं बोललं नव्हतंच. मी सातबारा मागितला होता, त्याने सातबारा दिला होता. आठ-अ मी मागितलाच नव्हता. आणि त्या एका उताऱ्यावर मी भर बाजारात एका माणसाला चोर ठरवून आले होते.

गुरुजींचं 'नको'

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन मी एकटीच दुकानात गेले. काय बोलायचं ते बसून लिहून काढलं होतं, पण तिथे गेल्यावर एवढंच सुचलं, "दादा, माझं चुकलं. रॅम आठच आहे. मला बघता आलं नाही."

त्याने डबा घेतला, स्टूल पुढे केलं. म्हणाला, "ताई, मला वाईट वाटलं. गुरुजींसमोर वाटलं. मी त्यांच्याच शाळेतला ना."

मी खाली बघत होते. मग विचारलं, "पण मग तुम्ही तेव्हाच ६४-बिट का नाही टाकलं?"

"मी सांगितलं होतं. म्हटलं गुरुजी, काडी लावून उपयोग नाही, सगळं फॉरमॅट मारून नवीन टाकावं लागेल. तर म्हणाले, फॉरमॅट नको. काडी तेवढी लाव. पुढचं पोरगी पुण्याहून आली की करेल."

चार वर्षं!

मी ह्या चार वर्षांत साताऱ्याला किती वेळा आले, मोजलं. गणपती, दिवाळी, एखादं लग्न. दर वेळी दोन दिवस, लॅपटॉपवर डेडलाइन आणि "बाबा, पुढच्या वेळी नक्की बघते".

घरी आले. बाबा बाहेरच्या खोलीतच होते. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "दुकानात काही बोलला का नाहीत?"

"तू इतक्या आवेशाने बोलत होतीस," बाबा म्हणाले, "आणि माझ्यासाठीच बोलत होतीस. मध्ये काय बोलू?" थोड्या वेळाने म्हणाले, "मीही चुकलोच. त्याला सांगून आलो कालच."

"पण फॉरमॅट का नको होतं?"

त्यांनी एक फोल्डर उघडलं. नाव होतं, 'आई'.

माझी आजी २०१९ मध्ये गेली. तिला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या, शेकड्याने. जातं कधीच कोपऱ्यात गेलं होतं, पण ती दुपारी पडल्या पडल्या म्हणायची. बाबांनी शेवटची दोन-तीन वर्षं तिच्याजवळ बसून त्या लिहून घेतल्या आणि मग एकेक करून टाइप केल्या. १४२ पानं. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे 'बाबा काहीतरी टाइप करत असतात' एवढं माहीत होतं.

टाइप केल्या होत्या त्यांच्या सवयीच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये. नव्वदच्या दशकातलं. सीडी कधीच हरवलेली. हे जुने फॉन्ट म्हणजे एक गंमतच होती. कॉम्प्युटरच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरंच असायची, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट नसेल तिथे फाइल उघडली, की आजीच्या ओवीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉरमॅट केलं तर सॉफ्टवेअर गेलं. आणि ते पुन्हा मिळालं असतं, तरी चाललं असतं याची खात्री नाही, कारण त्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम ३२-बिट विंडोज अजून चालवून घेतं, ६४-बिट विंडोज घेत नाही.

म्हणजे बाबांना ह्यातलं बिट-बाइट काही माहीत नसताना, त्यांची भीती शंभर टक्के बरोबर होती. मी असते तर 'फॉरमॅट मारा हो' म्हणून मोकळी झाले असते. किंबहुना फोनवर दोनदा म्हणालेही होते.

आता काय?

दिवाळीच्या सुट्टीचे उरलेले तीन दिवस आम्ही दोघं त्या मंद पीसीसमोर बसलो. आधी प्रत्येक पानाची पीडीएफ केली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधून ठेवता येतो, त्यामुळे ती कुठेही उघडली तरी ओवी ओवीच दिसते. मग मूळ फाइल्स आणि पीडीएफ, दोन्ही तीन ठिकाणी. एक पेन ड्राइव्ह कपाटात बिलांबरोबर, एक माझ्याकडे, एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर. आणि मग खरं किचकट काम, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायचं. कन्व्हर्टर बहुतेक सगळं बरोबर करतो, पण रफार भलतीकडे टाकतो आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ करतो. त्यामुळे प्रत्येक पान बाबा वाचतात, आई मध्येच "असं नव्हत्या म्हणत त्या" म्हणून सांगते आणि मग ते फायनल होतं.

पीसी आम्ही फॉरमॅट केला नाही. त्या प्रोसेसरवर विंडोज इलेव्हन अधिकृतपणे चालत नाही आणि टेनचा सपोर्ट संपलेला, त्यामुळे त्याची इंटरनेटची वायर तेवढी काढून टाकली. बँक, ईमेल, लाइट बिल ह्यासाठी बाबांनी त्याच दादाकडून एक लॅपटॉप घेतला. घेताना त्याने आपणहून विचारलं, "ताई, तुमची ती खिडकी ह्याच्यावर चालवून बघा ना." चालवली. काड्यांची पाटी, बिटची पाटी, सगळं बिलाशी जुळलं. मग त्याने ती स्वतःसाठी मागून घेतली. आता त्याच्या दुकानात मशिन विकताना गिऱ्हाइकाला आधी 'तब्येत' दाखवतात. मराठीत, सोळा पॉइंटमध्ये.

एक पाटी मात्र राहिली होती. आमच्या पीसीवर 'सिरीयल नंबर'समोर नंबरच येत नव्हता, एक इंग्रजी वाक्य यायचं, 'टू बी फिल्ड बाय ओ. ई. एम.' बाबांनी विचारलं, हे काय? म्हटलं, असेम्बल्ड मशिनवर बऱ्याचदा असंच येतं. बनवणाऱ्या कंपनीने भरायची जागा असते ती, पण सुटे भाग जोडून केलेल्या मशिनला कंपनीच नसते, त्यामुळे ती तशीच राहून जाते.

"मग काढून टाक ती ओळ," बाबा म्हणाले. "काही कामाची नाही. त्यापेक्षा पानं किती झाली ते येऊ दे."

फोल्डरमधल्या फाइल्स मोजायला एक ओळ पुरते. सिरीयल नंबर काढला आणि तिथे 'तयार पानं' टाकलं.

आता रविवारी फोन येतो. आईची वीस मिनिटं झाली, की बाबा 'तब्येत' उघडतात आणि वाचून दाखवतात. मेमरी, बसवलेली आठ, वापरात तीन पॉइंट चार. कोठारात जागा भरपूर. तयार पानं, एकसष्ट.

"आणि?" मी विचारते. हल्ली मी दुसरा प्रश्न विचारते.

"आणि बासष्टाव्या पानावर एक शब्द अडलाय," परवा बाबा म्हणाले. "तुझ्या आईलाही आठवत नाही. तू आलीस की बघू."

शुक्रवारच्या एसटीचं रिझर्व्हेशन केलंय. लॅपटॉप नेत नाहीये.